तिसऱ्यांदा फुफ्फुस बसलं, आता नुसत्या नळीवर थांबू नका

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात इथे मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. भाऊ २४ वर्षांचा, सहा फूट उंच, वजन जेमतेम ५४ किलो, कॉलेजपासून सिगरेट. चौदा महिन्यांत डावं फुफ्फुस तीन वेळा बसलं, म्हणजे छातीत हवा साचून आक्रसलं. तिन्ही वेळा तालुक्याच्या ठिकाणीच छातीत नळी टाकली, बाटली लावली, पाच-सहा दिवसांत फुफ्फुस फुगलं, नळी काढून घरी पाठवलं. दुसऱ्या वेळेनंतर थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्याही सुरू केल्या. सीटी स्कॅन एकदाही नाही. मोठे सर्जन म्हणतात ऑपरेशन कर, गावातले डॉक्टर म्हणतात अशक्तपणा आहे, खायला घाला, होईल बरं. आणि एका ओळीत जाता जाता लिहिलंय की मामांनाही तिशीत असंच झालं होतं. भाऊ रात्री नीट झोपत नाही, एमआयडीसीतली नोकरी गेली, आता कतारला जायचं म्हणतोय.

मी छातीच्या आजारांचा डॉक्टर, बरीच वर्षं हेच काम करतोय. पेशंट समोर नाही त्यामुळे शेवटचा शब्द त्याला तपासणाऱ्याचाच, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझं मत स्पष्ट आहे: ऑपरेशनचा सल्ला बरोबर आहे, आणि खरं तर तो दुसऱ्या वेळेलाच द्यायला हवा होता. अशक्तपणामुळे फुफ्फुस बसत नाही आणि खाऊन-पिऊन हे थांबतही नाही. त्याचं वजन वाढलं तर चांगलंच आहे, पण तो यावरचा इलाज नाही.

नेमकं होतं काय ते सांगतो. फुफ्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला, गळपट्टीच्या हाडामागे, पातळ भिंतीचे छोटे छोटे फुगे तयार होतात, त्यांना आम्ही ब्लेब म्हणतो, मोठे झाले की बुला. उंच आणि सडपातळ मुलांमधे हे जास्त दिसतं, आणि सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांमधे फुफ्फुस बसायचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा वीसपटीहून जास्त निघालाय. असा फुगा फुटला की श्वासातली हवा फुफ्फुसाबाहेर, बरगड्या आणि फुफ्फुस यांच्या मधल्या जागेत जाते आणि फुफ्फुस आतल्या आत आक्रसतं. हाच न्यूमोथोरॅक्स. नळी काय करते, तर ती बाहेर साचलेली हवा काढून टाकते. फुग्याचं ती काहीच करत नाही. सायकलच्या ट्यूबला पातळ जागा आलीय आणि आपण प्रत्येक वेळी फक्त हवा भरून निघतोय, तसं हे झालं.

म्हणून आकडे असे आहेत की पहिल्यांदा झाल्यावर साधारण दर तीन पेशंटपैकी एकाला परत होतं, बहुतेकांना पहिल्याच वर्षात. दुसऱ्यांदा झालं की पुढची शक्यता अजून वाढते. त्यामुळे जगभर सर्वसाधारण रीत अशी की त्याच बाजूला दुसऱ्यांदा झालं, किंवा एकदा डावीकडे एकदा उजवीकडे झालं, किंवा दोन्हीकडे एकदम झालं, किंवा नळी टाकूनही पाच-सात दिवस हवा येतच राहिली, किंवा हवेबरोबर रक्तही साचलं, तर थोरॅसिक सर्जनला दाखवायचंच. तुमच्या भावाला तिसऱ्यांदा झालंय. इथे थांबण्यात काही अर्थ नाही.

पहिल्यांदा होतं तेव्हा गोष्ट वेगळी असते, हेही सांगतो, कारण हे वाचून कोणी पहिल्याच वेळेला ऑपरेशनसाठी धावायला नको. २०२० मधे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी १४ ते ५० वयाच्या ३१६ पेशंटवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. फुफ्फुस बऱ्यापैकी बसलेलं असूनही ज्यांना फार त्रास नव्हता त्यातल्या निम्म्यांना नळी न टाकता फक्त लक्ष ठेवलं, आणि त्यातल्या ८५ टक्के लोकांना शेवटपर्यंत नळी लागली नाही. हवा हळूहळू आपोआप शोषली जाते, त्याला आठवडे लागतात. त्यामुळे आता एक्सरेवर किती सेंटीमीटर दिसतंय यापेक्षा पेशंटला किती धाप आहे, बीपी-नाडी कशी आहे यावर जास्त भर असतो. पण हे तरुण, बाकी फुफ्फुस निरोगी असलेल्यांचं झालं. ज्यांना दमा-सीओपीडी आहे, जुन्या टीबीचे डाग आहेत, खाणीत-दगडाच्या धुळीत काम करून फुफ्फुस खराब झालंय, त्यांना थोडीशी हवा साचली तरी जीवावर बेतू शकतं, त्यांनी घरी थांबायचं नाही, ॲडमिटच व्हायचं.

आता मामांबद्दल. तुम्ही ते सहज लिहिलंत पण माझी नजर तिथेच अडली. असं फुफ्फुस बसणाऱ्या साधारण दहा पेशंटमधे एकाच्या घरात अजून कोणाला तरी झालेलं असतं, आणि त्यातल्या काही घरांत त्यामागे आनुवंशिक आजार असतो. एक म्हणजे मार्फन: खूप उंच, हातापायाची बोटं लांब, हात पसरले तर उंचीपेक्षा जास्त भरतात, चष्म्याचा नंबर जास्त, आणि हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी फुगत जाते, ते खरं धोक्याचं. यासाठी एकदा टूडी एको करून घ्यायला हरकत नाही. दुसरा बर्ट-हॉग-ड्युबे नावाचा, यात फुफ्फुसात गाठींसारख्या हवेच्या पोकळ्या असतात पण त्या वरच्या टोकाऐवजी खालच्या भागात जास्त असतात, चेहऱ्यावर-मानेवर छोटे पांढुरके दाणे येतात, आणि मुख्य म्हणजे पुढे किडनीत गाठी व्हायची शक्यता असते. आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक मुलात तो यायची शक्यता निम्मी. म्हणजे मामांना, तुमच्या आईला, तुम्हालासुद्धा प्रश्न लागू होतो. घाबरू नका, बहुतेक वेळा यातलं काहीच निघत नाही, पण हे साध्या एक्सरेत कळत नाही, म्हणून फुफ्फुस पूर्ण फुगल्यावर पातळ छेदांचा सीटी स्कॅन करायलाच हवा. पोकळ्या कुठे आहेत, किती आहेत, दुसऱ्या बाजूला आहेत का, सगळं त्यात दिसतं. मामांची जुनी फाईल, एक्सरे काही असेल तर तेही शोधून घेऊन जा.

बायकांच्या बाबतीत एक प्रश्न हमखास विचारायचा राहून जातो: हे पाळीच्या आसपास होतंय का? पाळीच्या एक दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत छातीत दुखून फुफ्फुस बसतं, बहुतेक वेळा उजवं, आणि मागे एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर भलत्या जागी वाढणं, असतो. तिथे नुसतं फुफ्फुसाचं ऑपरेशन करून भागत नाही, छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याला भोकं असतात ती बघावी लागतात आणि पुढे गायनॅकॉलॉजिस्टकडून हार्मोनची ट्रीटमेंट लागते. तरुण बाईचं फुफ्फुस दुसऱ्यांदा बसलं आणि सीटीत दोन्हीकडे पोकळ्याच पोकळ्या दिसल्या तर एलएएम नावाचा आजार बघावा लागतो, त्यावर आता गोळी आहे. त्यामुळे वाचणाऱ्यांत कोणी असेल तर तारखा लिहून ठेवा आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.

टीबीच्या गोळ्यांचं मला खरंच वाईट वाटलं. आपल्याकडे टीबी इतका आहे की फुफ्फुस बसलेल्या पेशंटमधे त्याचा विचार करणं अगदी योग्यच, जुन्या टीबीमुळे फुफ्फुस बसणारे लोक आम्ही सतत बघतो. पण विचार करणं वेगळं आणि थुंकी न तपासता सहा महिने औषध सुरू करणं वेगळं. या गोळ्यांनी लिव्हरला त्रास होतो, नजरेवर परिणाम होऊ शकतो, आणि मुख्य तोटा हा की टीबीचा इलाज चालू आहे म्हणून घरचे आणि डॉक्टर दोघंही निवांत होतात आणि खऱ्या कारणाकडे कोणी बघत नाही. तरी गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, अर्धवट सोडणं वाईटच. छातीच्या डॉक्टरांना दाखवा, थुंकीची सीबीनॅट टेस्ट (टीबीचे जंतू शोधणारी) होऊ दे, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते, सीटी बघू दे आणि मग ते ठरवतील चालू ठेवायच्या की थांबवायच्या. ऑपरेशनमधे काढलेला तुकडाही तपासणीला जातो, त्यातूनही बरंच स्पष्ट होतं, फक्त तो टीबीसाठीसुद्धा तपासायला पाठवा असं आधीच सांगून ठेवा.

ऑपरेशनची भीती घालवण्यासाठी ते कसं होतं ते सांगतो. पूर्वी छाती उघडायचे, आता दुर्बिणीतून करतात, व्हॅट्स म्हणतात त्याला. बगलेच्या खाली एक ते तीन छोटी छिद्रं. पूर्ण भूल, आणि भूलतज्ज्ञ एकाच फुफ्फुसावर श्वास चालू ठेवतात म्हणजे डावं शांत पडून राहतं. सर्जन वरच्या टोकाचा फुग्यांचा भाग स्टेपलरने कापून शिवून टाकतात. आणि दुसरी पायरी, जी पहिलीइतकीच महत्त्वाची: छातीच्या आतल्या अस्तराला खरवडतात किंवा वरच्या भागातलं अस्तर सोलून काढतात, जेणेकरून भरून येताना फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटून बसावं. याला प्लुरोडेसिस म्हणतात. पुढे कधी एखादा फुगा फुटलाच तरी फुफ्फुस बसायला जागाच उरत नाही. म्हणून सर्जनला सरळ विचारा, तुम्ही फक्त फुगे काढणार की प्लुरोडेसिसपण करणार? दोन्ही केल्यावर परत व्हायचं प्रमाण शंभरात काही मोजक्यांवर येतं. छाती उघडून केलं तर अजून थोडं कमी, पण दुखणं जास्त, त्यामुळे या वयात बहुतेक जण दुर्बिणच निवडतात.

दुखतं का, तर हो, दुखतं. पहिले दोन-तीन दिवस चांगलंच. वेदनाशामक मागून घ्या, सहन करत पडून राहण्यात काही मोठेपणा नाही, कारण दुखतंय म्हणून पोरगा खोकला नाही, खोल श्वास घेतला नाही तर कफ साचून न्यूमोनिया होतो. नंतर काही महिने छातीच्या त्या पट्ट्यात बधिरपणा, मुंग्या, मधेच चमक येते. ही नसेची असते आणि हळूहळू जाते. हे आधी माहीत असलं की प्रत्येक चमकेला परत फुफ्फुस गेलं असं वाटत नाही.

नळीतूनच औषध सोडून चिकटवता येतं का, हा प्रश्न पुढचा येईलच. येतं, टाल्क, डॉक्सीसायक्लिन, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पोव्हिडोन आयोडीन वापरतात. ज्यांचं वय जास्त आहे, फुफ्फुस इतकं खराब आहे की भूल झेपणार नाही, त्यांच्यासाठी हा चांगला मार्ग आहे. पण फुफ्फुस पूर्ण फुगून भिंतीला टेकलेलं असेल तरच ते चिकटतं, आणि ऑपरेशनइतकं खात्रीचं नाही. २४ वर्षांच्या तब्येतीने ठीक असलेल्या मुलाला मी हे पहिला पर्याय म्हणून सुचवणार नाही.

नळी असताना नातेवाइकांनी काय बघायचं हे कोणी समजावत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. बाटलीत नळीचं टोक पाण्याखाली असतं. पेशंटला खोकायला सांगा, बुडबुडे आले म्हणजे अजून हवा गळतेय. नळीतलं पाणी श्वासाबरोबर वरखाली होतंय म्हणजे नळी मोकळी आहे. बुडबुडेही नाहीत आणि पाणीही हलत नाही, तर दोनपैकी एक: फुफ्फुस पूर्ण फुगलंय किंवा नळी कुठेतरी दबलीय, वाकलीय, तुंबलीय. कोणतं ते एक्सरेवर ठरतं, अंदाजाने नाही. बाटली कायम छातीपेक्षा खाली, संडासला जाताना हातात धरून खांद्यापर्यंत उचलायची नाही, नाहीतर पाणी उलटं आत जातं. आणि हे ठळक लक्षात ठेवा: बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावायचा नाही. एका दवाखान्यातून दुसरीकडे हलवताना सांडू नये म्हणून चिमटा लावलेले पेशंट माझ्याकडे आलेत, वाटेत हवा आत कोंडून हृदयावर दाब आलेला, ओठ निळे. ॲम्ब्युलन्समधे बसण्यापूर्वी विचारा, चिमटा काढलाय ना?

घरी असताना परत झालंय हे कसं ओळखायचं. आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया असते उसण भरली, गॅस झाला. बाम चोळतात, शेक देतात, सोडा पितात, दोन दिवस जातात. ज्याला आधी झालंय त्याने हे करायचं नाही. त्याच बाजूला अचानक टोचल्यासारखं दुखणं, खोल श्वासाला वाढणारं, खांद्यापर्यंत जाणारं, त्यासोबत धाप किंवा कोरडी ढास, की सरळ एक्सरे. बोटाला लावायच्या मशीनवर विसंबू नका, तरुण मुलाचं निम्मं फुफ्फुस बसलेलं असूनही ऑक्सिजन ९७ दाखवू शकतो. आणि धाप झपाट्याने वाढतेय, घाम फुटलाय, नाडी पळतेय, बोलताना वाक्य पूर्ण होत नाही, मानेच्या शिरा फुगल्यात, तर एक्सरेची रांगही नको, १०८ ला फोन, बसत्या स्थितीत न्या आणि कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच बोला की याचं डावं फुफ्फुस आधी तीनदा बसलंय. तिन्ही डिस्चार्ज कार्डांचे आणि एक्सरेचे फोटो त्याच्या आणि तुमच्या फोनमधे असू द्या. पुढे कधी दुसऱ्या कशासाठी भूल घ्यावी लागली, साधं अपेंडिक्स असलं तरी, भूलतज्ज्ञांना हे आधी सांगायचं.

पैशाचं. यात सगळ्यात महाग वस्तू म्हणजे स्टेपलर आणि त्याच्या कार्ट्रिज, किती लागतील ते फुग्यांवर अवलंबून. म्हणून खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि त्यात स्टेपलर धरलाय का ते विचारा, बऱ्याच जणांना बिल तिथेच धक्का देतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्ड असेल तर ॲडमिट होण्याआधी त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटा, हे ऑपरेशन त्यांच्याकडे योजनेत बसतं का ते तोच सांगेल. मुंबईतलं केईएम, पुण्याचं ससून, गोव्यातल्या कोणासाठी बांबोळीचं मेडिकल कॉलेज, अशा मोठ्या सरकारी ठिकाणी छातीच्या ओपीडीपासून सुरुवात करता येते. वेळ लागतो, हेलपाटे होतात, पण सीटीची सीडी आणि सगळे कागद तारखेप्रमाणे लावून नेले तर एखादा हेलपाटा नक्की वाचतो.

सिगरेट. ही बंद झालीच पाहिजे, ऑपरेशन झालं तरी, कारण उजवं फुफ्फुस अजून शिल्लक आहे. विडी, हुक्का, व्हेप, गांजा, सगळं यात आलं. गांजात दम धरून ठेवायची सवय असते ती अजूनच वाईट. त्याला ओरडून होणार नाही, निकोटीनच्या गोळ्या, च्युइंग गम मिळतात, डॉक्टरांशी बोलून प्लॅन करा.

बाकी कष्टाचं म्हणाल तर लोक उगाच आयुष्यभर घाबरून बसतात. बहुतेक वेळा फुफ्फुस बसतं ते पेशंट निवांत बसलेला असताना, वजन उचलताना नाही. ऑपरेशननंतर साधारण महिना-दीड महिना जड वजन, जिम नको, मग सर्जनला विचारून सगळं हळूहळू सुरू करायचं. चालणं तर दुसऱ्या दिवसापासून. श्वासाच्या व्यायामाचं तीन छोट्या चेंडूंचं यंत्र, स्पायरोमीटर, देतात त्यात हवा आत ओढायची असते, फुंकायची नसते, हे नीट बघून घ्या. भस्त्रिका, कपालभाती, जोरात शंख फुंकणं हे बरं होईपर्यंत बंद, साधा संथ खोल श्वास चालेल. झोप येत नाही, एकटं राहवत नाही हे मात्र हलक्यात घेऊ नका. तीनदा श्वास अडकलेल्या माणसाला भीती बसणारच, ती नाटकं नाहीत. दोन-तीन महिन्यांत कमी झाली नाही तर समुपदेशकाला, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

समुद्राखाली डायव्हिंग मात्र नाही. तारकर्लीला, गोव्याला मित्र स्कूबाला उतरले तर याने बोटीवर थांबायचं. पाण्याखाली श्वास घेतलेली हवा वर येताना फुगते, आणि तिथे फुफ्फुस फुटलं तर वाचवायला वेळ मिळत नाही. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालेल्यांनाच, तेही तज्ज्ञाने तपासून, काही वेळा परवानगी मिळते.

आणि कतार. छातीत हवा असताना विमान अजिबात नाही, वर केबिनमधला दाब कमी असतो त्यामुळे कोंडलेली हवा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने फुगते. फुफ्फुस पूर्ण फुगल्याचा एक्सरे हातात आल्यावर किमान सात दिवस थांबायचं असा साधारण नियम आहे, ऑपरेशननंतर कधी ते सर्जन सांगतील. पण त्याच्या बाबतीत मी म्हणेन ऑपरेशन आधी, व्हिसा नंतर. परक्या देशात, नव्या नोकरीत, साइटवर एकटा असताना चौथ्यांदा होणं परवडणारं नाही. गल्फच्या मेडिकलमधे छातीचा एक्सरे होतोच आणि स्टेपलरच्या धातूच्या बारीक रेघा त्यात कायम दिसतात, शिवाय टीबीच्या गोळ्यांचा प्रश्न निघेल. त्यामुळे सर्जनकडून ऑपरेशन काय आणि कधी झालं याचं सहीशिक्क्याचं इंग्रजी पत्र, तुकड्याच्या तपासणीचा रिपोर्ट आणि सीबीनॅटचा रिपोर्ट, हे तीन कागद मेडिकलला जाण्याआधी फाईलमधे लावून ठेवा. सीटी झाला की रिपोर्टमधे फुगे नेमके कुठे लिहिलेत ते इथे टाका, मी बघतो.